जखम धुतली तर टाके कमजोर होतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चामखीळ, तीळ किंवा चरबीची गाठ काढून टाके घातलेला माणूस घरी गेला की दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. विषय बहुतेक एकच असतो: जखम धुवायची का, कशाने धुवायची, आणि धुताना टाके तुटले तर? मी त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रिया करते. ही उत्तरं तेवढ्यापुरतीच आहेत. पोटाच्या ऑपरेशनचे किंवा बाळंतपणाचे टाके असतील तर ज्यांनी घातले त्यांचंच ऐका.

१. टाक्यांना पाणी लागलं तर दोरा कुजतो का?

नाही. त्वचेवर वरून दिसणारे निळे-काळे टाके बहुधा नायलॉनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. मासे पकडायच्या गळाची पारदर्शक दोरी नायलॉनची असते, धान्याची पांढरी विणलेली पोती पॉलिप्रॉपिलीनची. पावसात भिजून यांतलं काही कुजलेलं कुणी पाहिलंय? पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषतच नाही. नायलॉन थोडं शोषतं आणि जरा मऊ पडतं. पण अगदी शरीराच्या आत राहिलं तरी त्याची ताकद वर्षाला १५ ते २० टक्के एवढीच उतरते. तुमचे टाके अंगावर राहणार दहा-चौदा दिवस.

कुजण्याची भीती आली ती रेशमी, सुती आणि तातीच्या (जनावराच्या आतड्यापासून केलेल्या दोऱ्याच्या) टाक्यांच्या काळातून. तेव्हा ती अगदीच खोटी नव्हती (प्रश्न ९ पाहा).

२. मग पहिले दोन दिवस पट्टी भिजवू नका असं का सांगतात?

त्याचा दोऱ्याशी संबंध नाही. टाके घातलेल्या जखमेच्या कडा वरच्या थरात २४ ते ४८ तासांत एकमेकींना चिकटतात. तोवर फट उघडी असते. शिवाय पहिल्या दिवसाची पट्टी रक्त थांबावं म्हणून दाबून बांधलेली असते, ती सोडली की आत रक्त साठून गाठ होऊ शकते.

हे ४८ तास मात्र दगडावरची रेघ नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये, मॅके भागातल्या दवाखान्यांत ८५७ रुग्णांवर एक चाचणी झाली आणि २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. छोट्या त्वचा-शस्त्रक्रियेनंतर एका गटाने ४८ तास जखम झाकून कोरडी ठेवली. दुसऱ्याने पट्टी लवकर काढून पहिल्या ४८ तासांतच जखम भिजवली. जंतुसंसर्ग झाला कोरड्या गटात ८.९ टक्के जणांना आणि ओल्या गटात ८.४ टक्के जणांना. म्हणजे फरक नाहीच. मला ही चाचणी आवडते ती हवेमुळे: मॅके उष्ण, दमट किनाऱ्यावर आहे. थंड देशातल्या आकड्यांपेक्षा रत्नागिरी-वेंगुर्ल्याच्या माणसाला हा आकडा जवळचा.

माझ्याकडे नियम असा: पहिले २४ तास पट्टीला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सोडून आंघोळ. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल, कातडी फिरवून किंवा दुसरीकडची लावून जखम झाकली असेल, तर त्यांचा शब्द शेवटचा.

३. घरी जखम नेमकी कशी धुवायची?

इंग्रजी पत्रकांत ‘शॉवर चालेल, टबमध्ये बसू नका’ असं असतं. आपल्याकडे बहुतेक घरांत टब नाही, बादली आणि तांब्या आहे, आणि टाक्यांसाठी ती व्यवस्था उत्तम. आधी हात साबणाने धुवा. जखमेच्या थोडं वरून तांब्याने सावकाश धार सोडा. जखमेवर थेट धार मारायची नाही, पाणी वरून ओघळू द्यायचं. साधा साबण हातावर फेसून तो फेस जखमेवरून जाऊ दिला तर हरकत नाही. जखमेवर वडी घासायची नाही, घासणी तर नाहीच. मग स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडाने टिपून घ्या. घरातल्या चौघांनी वापरलेला दांडीवरचा ओलसर टॉवेल नको. धुण्याच्या पाण्यापेक्षा मला त्या टॉवेलची धास्ती जास्त.

पिण्यायोग्य नळाचं पाणी चालतं. ते वापरल्याने सलाईनपेक्षा जंतुसंसर्ग जास्त होतो असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. टँकरचं, बोअरचं किंवा गढूळ पाणी असेल तर उकळून गार करा. सलाईन घरीही होतं: एक लिटर उकळलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा साधारण दीड सपाट चमचा. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका.

दिवसातून एकदा पुरे. घाम किंवा माती लागली तर दोनदा.

४. साध्या पाण्यापेक्षा बीटाडीन बरं नाही का?

शिवलेल्या, स्वच्छ, भरत चाललेल्या जखमेला रोज बीटाडीनची गरज नसते. ते जंतू मारतं, पण जखम भरणाऱ्या कोवळ्या पेशींनाही प्रयोगशाळेत मारताना दिसलंय. दोऱ्याची ताकद घटते का? नायलॉन-पॉलिप्रॉपिलीनवर तपकिरी डाग पडतो, एवढंच.

त्याचा एक खराखुरा तोटा मला दिसतो. डागामुळे कडेचा लालसरपणा झाकला जातो, आणि मी फोटो मागवला की जखम दिसायच्या ऐवजी तपकिरी ठिपका येतो. डॉक्टरांनी लावायला सांगितलं असेल तर ५ किंवा १० टक्क्यांचं द्रावण वापरा. ७.५ टक्क्यांची स्क्रबची बाटली घेऊ नका. त्यात फेस करणारा साबण असतो आणि ती सर्जनने हात धुवायची वस्तू आहे. केमिस्टच्या फळीवर दोन्ही बाटल्या शेजारी असतात आणि दिसतातही सारख्या.

५. हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो. तो फेस दोरा खातो का?

दोरा खात नाही. रक्तात आणि पेशींत कॅटलेज नावाचं विकर असतं, ते पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन सोडतं आणि त्याचे बुडबुडे दिसतात. म्हणजे फेस म्हणजे ‘घाण निघतेय’ असं नाही. स्वच्छ रक्तावरही तेवढाच फेस येतो. रोज पाच मिनिटं याप्रमाणे दोन आठवडे लावलं तरी नायलॉनला व्यवहारात काही होत नाही. झळ बसते ती कडेच्या नव्या पेशींना. दोरा शाबूत आणि त्याने धरून ठेवायची कातडी मात्र दुबळी, अशी उलटी गत होते.

इथे आपल्या बाजारातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. परदेशी सल्ल्यांत जे पेरॉक्साइड असतं ते ३ टक्के, तेही पुष्कळदा पाण्यात निम्मं करून. आपल्या केमिस्टकडची बाटली बहुधा ६ टक्क्यांची असते, तिच्यावर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं असतं. त्या सल्ल्याप्रमाणे ती तशीच ओतली की दुप्पट ते चौपट तीव्र औषध जखमेवर जातं. मीही सुरुवातीची काही वर्षं खपली सोडवायला सगळ्यांना पेरॉक्साइड लिहून देत होते. आता देत नाही. खपलीचं काय करायचं ते प्रश्न ११ मध्ये.

६. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरीट, हळद?

चौघांनाही नको म्हणते, कारणं वेगळी. डेटॉल न मिसळता लावलं की कातडी भाजते, फोड येतात. सॅव्हलॉनमधलं क्लोरहेक्सिडीन डोळ्यात किंवा फाटलेल्या पडद्यातून कानात गेलं तर इजा होते, त्यामुळे पापणी-कानाजवळच्या टाक्यांना लांबूनच नमस्कार. स्पिरीट झोंबतं आणि कोवळी कातडी सुकवतं. हळद स्वयंपाकघरात ठीक. जखमेवर चिकटली की गाठीखाली जाऊन बसते, आणि टाके काढताना पिवळा थर खरवडण्यात अर्धा तास जातो. दोऱ्याला मात्र यातलं काहीही तोडत नाही.

७. धुतल्यावर मलम लावायचं का? कोणतं? पावडर चालेल का?

धुतल्यावर पांढऱ्या व्हॅसलीनचा पातळ हात पुरतो. ओलसर राहिलेली जखम कोरड्या जखमेपेक्षा लवकर भरते. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या कातडीवर ते दाखवलं आणि तिथून ‘वाळू द्या’ हा सल्ला हळूहळू मागे पडला. १९९६ मध्ये अमेरिकेत ९२२ रुग्णांवर व्हॅसलीन आणि बॅसिट्रासीन या प्रतिजैविक मलमाची तुलना झाली. जंतुसंसर्गात लक्षणीय फरक नव्हता. ॲलर्जी झाली ती फक्त मलमवाल्यांत.

निओमायसीन आणि त्याचा सख्खा भाऊ फ्रॅमायसेटिन ही औषधं आपल्याकडे घराघरात असतात आणि ती ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहेत. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१० चा ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ म्हणून निओमायसीनच निवडलं होतं. पावडर नकोच: स्रावात मिसळून तिचा सिमेंटासारखा थर होतो.

अपवाद: गोंदाने चिकटवलेली जखम. तिच्यावर व्हॅसलीनही नाही (प्रश्न १०).

८. माझे टाके विरघळणारे आहेत. रोज धुतल्याने ते आधीच विरघळून जखम उघडणार नाही ना?

हा प्रश्न खरा नेमका, कारण हे दोरे पाण्यानेच तुटतात. पॉलिग्लॅक्टिन, पॉलिग्लेकाप्रोन यांच्या लांब साखळ्यांत पाण्याचा रेणू शिरतो आणि साखळी कडी-कडीने सुटते. पण त्याला लागणारं पाणी तुमच्या पेशींतच भरपूर आहे आणि तिथे चोवीस तास आहे. बाहेरून ओतलेल्या दोन तांब्यांनी त्यात भर पडत नाही.

शिवाय आधी बघायचं ते टाके आहेत कुठे. बहुतेकदा विरघळणारा दोरा कातडीच्या खाली असतो, वरून दिसतच नाही. धुण्याचं पाणी तिथवर पोचत नाही. तो आपल्या वेळापत्रकाने जातो: पॉलिग्लॅक्टिनमध्ये दोन आठवड्यांनी साधारण ७५ टक्के ताकद उरते, तीन आठवड्यांनी ५०, चार आठवड्यांनी २५. दोरा पूर्ण नाहीसा व्हायला दोन महिने किंवा थोडं जास्त. म्हणजे ताकद आधी जाते, दोरा नंतर. लोक ‘अजून आत दोरा लागतोय, म्हणजे जखम धरलेली आहे’ असं समजतात. त्या वेळी तो दोरा नुसता पडून असतो.

कधी लहान मुलांच्या चेहऱ्यावर विरघळणारे टाके वरच घालतात, काढताना रडारड नको म्हणून. त्यासाठी वापरतात तो पॉलिग्लॅक्टिनचा झटपट प्रकार पाच दिवसांत निम्मा होतो आणि दहा ते चौदा दिवसांत त्यात काही जोर राहत नाही. हे टाके पुढे धुताना, टिपताना गळून पडतात. ते गळावेत हीच अपेक्षा असते. आई घाबरून ‘टाके पडले’ म्हणून फोन करते, मी तारीख विचारते, आठवा-नववा दिवस असला आणि जखम मिटलेली असली की दोघींचाही जीव भांड्यात पडतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच पडले तर मात्र दाखवायला या.

सामूनुसार (द्रावण आम्लधर्मी की अल्कधर्मी यानुसार) फरक पडतो का, असं एका रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी विचारलं होतं. पडतो, अल्कधर्मी द्रावणात हे दोरे लवकर तुटतात. पण साबणाचा फेस मिनिटभर राहून वाहून जातो. दोरा साबणाच्या पाण्यात दिवसरात्र भिजत ठेवला तर गोष्ट वेगळी.

९. आजी म्हणते रेशमी टाके ओले करायचे नसतात. खरं आहे का?

आजी बरोबर आहे, निदान अर्धी. रेशीम ओलं झालं की त्याची ताकद थोडी उतरते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टाक्याचं रेशीम वेणीसारखं गुंफलेलं असतं आणि समईच्या वातीने तेल चढावं तसं त्यातून पाणी, आणि पाण्याबरोबर जंतू, आत चढतात. त्वचेवर आता रेशीम कमीच. ओठ, तोंडाच्या आत, पापणीच्या कडा अशा जागी अजून वापरतात, कारण मऊ असल्याने टोचत नाही.

आणखी एक खरी भीती: क्लोरीनची द्रावणं. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन आणि ॲलेक्सिस कॅरल यांनी चिघळलेल्या जखमांसाठी ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट वापरात आणलं. आपल्या रुग्णालयांतलं यूसॉल त्याच कुळातलं. सडलेलं मांस विरघळवायला ती उपयोगी पडतात, आणि प्रथिन विरघळवणारं द्रव्य रेशमालाही सोडत नाही, कारण रेशीम प्रथिनच. कपड्यांच्या ब्लीचच्या बाटलीवर ‘रेशमी, लोकरी कपड्यांना वापरू नये’ असं लिहितात ते याचसाठी. तेव्हा शिवलेल्या जखमेवर यूसॉल नाही.

१०. मला टाके नाहीत, गोंद लावलाय. तो धुतला तर निघेल?

हा गोंद सायनोॲक्रिलेटचा. थोडं पाणी चालतं, भिजत ठेवणं चालत नाही, घासणं तर नाहीच. पाच ते दहा दिवसांत तो पापुद्र्यासारखा आपोआप सुटतो, नखाने सोलू नका. दोऱ्याचं आणि गोंदाचं गणित उलटं आहे: व्हॅसलीन, तेल, मलम यांनी दोऱ्याला काही होत नाही, गोंद मात्र सैल पडतो. सवयीने खोबरेल चोळणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या.

११. टाक्यांवर खपली धरलीय. काढू की राहू देऊ?

ओढून काढायची नाही आणि जमूही द्यायची नाही. एका काकांना कुणीतरी ‘बारा दिवस थेंब लागता कामा नये’ असं बजावलं होतं. पाठीवरचे आठ टाके, त्यांवर वाळलेलं रक्त, घाम आणि पावडर. गाठी कुठे आणि खपली कुठे कळेना. एकेक टाका शोधत, ओला गॉज ठेवत, पाऊण तास गेला, आणि दोन ठिकाणी खपलीबरोबर नवी कातडी निघाली. टाके शाबूत होते. नुकसान झालं ते न धुतल्याने.

रोज धुतल्यावर खपली साठतच नाही. साठलीच तर उकळून गार केलेल्या पाण्यात गॉज भिजवून दहा मिनिटं ठेवा, मग टिपा. सुटेल तेवढी सुटू द्या. टिपताना हात टाक्यांच्या रेषेच्या दिशेने न्या, आडवा नको. आडव्या हाताला गाठीची टोकं अडकतात. कापूस वापरू नका, त्याचे तंतू गाठीत गुंततात.

१२. धुताना टाका तुटला किंवा सुटला. काय करू?

आधी बघा काय झालंय. दोरा स्वतः तुटणं दुर्मीळ. हाता-पाठीवर नेहमी वापरला जाणारा ‘चार-शून्य’ दोरा ०.१५ ते ०.२ मिलिमीटर जाडीचा असतो. अमेरिकन औषधकोशाच्या निकषाप्रमाणे त्याने गाठ मारलेल्या स्थितीतही सरासरी ०.६ किलोची ओढ सोसली पाहिजे. तुमच्या टिपण्याने एवढी ओढ बसत नाही.

सहसा दोन गोष्टी होतात. एक, गाठ सुटते. नायलॉन ताठ, त्याला वळण लक्षात राहतं, आणि वेढे कमी पडले की गाठ उलगडते. हा दोष गाठ मारणाऱ्याचा, धुणाऱ्याचा नव्हे. दुसरी, उकडलेलं अंडं दोऱ्याने कापतात तसा ताणलेला दोरा सुजलेल्या किंवा पिकलेल्या कातडीतून आरपार जातो. दोरा अख्खा हातात येतो आणि आपण म्हणतो ‘टाका तुटला’.

कडा जुळलेल्या असतील, रक्त नसेल, तर एका टाक्याने आभाळ कोसळत नाही. धुऊन, टिपून, कागदी चिकटपट्टी आडवी लावा आणि दुसऱ्या दिवशी दाखवा. फट दिसत असेल, आतलं लाल दिसत असेल, दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, तर लगेच या.

१३. टाके किती दिवसांनी काढतात? थोडे जास्त दिवस ठेवले तर जखम जास्त पक्की होईल ना?

चेहरा ५ ते ७ दिवस, डोक्याची कातडी ७ ते १०, छाती-पाठ-हातपाय १० ते १४. तळवे आणि सांध्यांवर दोन आठवडे किंवा जास्त. उशीर केल्याने पक्केपणा वाढत नाही. दोऱ्याच्या बिळातून वरची कातडी आत उतरते आणि शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे डाग कायमचे राहतात. सणावारामुळे दोन दिवस इकडेतिकडे चालतील. चेहऱ्याचे मात्र लांबवू नका.

१४. टाके काढले म्हणजे जखम पक्की झाली ना?

इथे सगळेच फसतात. आठवड्याने जखमेची ताकद मूळ कातडीच्या दहा टक्क्यांच्याही खाली असते. तीन आठवड्यांनी साधारण २०, सहा आठवड्यांच्या सुमारास निम्मी, तीन महिन्यांनी ८० टक्क्यांपर्यंत. तिथेच थांबते, शंभर कधीच होत नाही. १९६५ मध्ये लेव्हन्सन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या कातडीवर केलेल्या मोजमापांपासून हा ८० चा आकडा चालत आलाय.

म्हणून टाके काढल्याच्या दिवशी दोऱ्याचा आधार गेलेला असतो आणि कातडीचा आलेला नसतो. त्या संध्याकाळी पाठीवरच्या जखमेसकट गॅसचं सिलिंडर उचलणारे लोक मी पाहिलेत. पुढचे दोन-तीन आठवडे चिकटपट्ट्या लावा आणि ओझं टाळा.

१५. वांगं, भात, आंबट खाल्लं की टाक्यांना पू धरतो का?

नाही. उलट आंबटातलं क जीवनसत्त्व कोलॅजन (कातडीला ताकद देणारं प्रथिन) घट्ट विणायला लागतंच. ते संपलं की काय होतं हे स्कर्व्ही झालेल्या खलाशांनी दाखवलं: जुन्या भरलेल्या जखमाही पुन्हा उघडायच्या. लिंबू पिळा, डाळ, उसळ, अंडं खा. तंबाखू आणि विडी-सिगारेट मात्र खरंच जखम रखडवतात, आणि त्याबद्दल फोनवर कुणीच विचारत नाही.

१६. विहिरीत पोहणं, पावसात शेतात जाणं, विसर्जनाला पाण्यात उतरणं?

टाके असेपर्यंत पोहणं आणि पाण्यात उतरणं नाही. टाके निघाल्यावरही बिळं मिटायला एक-दोन दिवस द्या. पावसात भिजलात तर घाबरायचं नाही. घरी येऊन स्वच्छ पाण्याने धुवा (प्रश्न ३) आणि कोरडे कपडे घाला. ओली पट्टी अंगावर तासन् तास राहणं वाईट, कारण खालची कातडी पांढरीफटक होऊन भिजते आणि अशा कातडीतून टाका सहज कापत जातो (प्रश्न १२). चिखलात उभं राहून लावणी करायची असेल आणि टाके पायावर असतील, तर दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.

१७. रोज नीट धुतोय, तरी टाक्यांभोवती लाल आहे. धुण्यात चूक झाली का?

प्रत्येक टाक्याभोवती दोन-तीन मिलिमीटरची लाल कड ही बहुधा दोऱ्याची खाज असते, टाके निघाले की जाते. लाली रोज पसरतेय, ठणका वाढतोय, हात लावला की गरम लागतंय, पिवळा-हिरवा स्राव किंवा ताप आहे, तर त्याच दिवशी दाखवा. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा, सकाळी रेघेबाहेर गेलीय का ते कळतं. नुसती खाज आणि बारीक पुरळ, तेही मलम लावलेल्या चौकोनातच, असेल तर मलम थांबवा (प्रश्न ७). मधुमेह असणाऱ्यांनी आणि स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी यातल्या कशाचीही वाट बघत बसू नये.

१८. दीड महिन्याने भरलेल्या जखमेतून पांढरा दोऱ्याचा तुकडा बाहेर आलाय. धुतल्याने आतला टाका उसवला का?

उसवला नाही, शरीराने तो बाहेर ढकललाय. वर फार जवळ बांधलेली विरघळणारी गाठ कधीकधी पुरती विरघळण्याआधी पुळीसारखी वर येते, बहुधा दोन ते आठ आठवड्यांच्या दरम्यान. दीड महिन्याने तिच्यात जोर जवळजवळ उरलेला नसतो (प्रश्न ८), त्यामुळे ती गेल्याने जखम उघडत नाही. ओढू नका, ओढलं की आतला भाग तुटून तिथेच राहतो. दाखवायला या, चिमट्याने धरून एक कात्री लागते, दोन मिनिटांचं काम. तोवर रोजच्यासारखी आंघोळ चालू ठेवा.